खोकल्यांची वही

तमाम रसिक, नाटककार, संगीतकार आणि सर्दीपडशाने ग्रस्त नागरिकांना या जाहीर निवेदनाद्वारे कळविण्यात येते की, गेली चौदा वर्षं भिवंडीतल्या एका सभागृहात जो कोणी खोकला, शिंकला, खुर्चीत वळवळला, मोबाइल चाचपत बसला, शेजाऱ्याच्या कानाला लागला किंवा पाणी प्यायला म्हणून उठून कायमचा घरी गेला, त्या प्रत्येकाची लेखी नोंद प्रस्तुत लेखिकेच्या ताब्यात आहे. कोणाची हरकत असल्यास ती आता नोंदवून उपयोग नाही. वह्या लोखंडी कपाटात आहेत आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे आहे.

निवेदन संपलं. आता माणसासारखं बोलते.

आमच्याकडे दरवर्षी थंडीच्या तोंडावर नव्या संगीत नाटकांचा महोत्सव भरतो. महोत्सव हा शब्द ऐकून काही लोक नटूनथटून येतात आणि फसवणूक झाल्यासारखे बघत बसतात, कारण इथे नाटकं सगळी कच्ची असतात. पडदा नाही, वेशभूषा नाही, नेपथ्य म्हणजे चार खुर्च्या. नट हातात कागद घेऊन उभे राहतात. एक पेटी, एक तबला आणि गाणी अशी, की त्यांच्या चाली कालपर्यंत वेगळ्या होत्या. भाजी चुलीवर असतानाच पाहुण्यांना स्वयंपाकघरात बोलवायचं, झाकण काढायचं आणि विचारायचं, ‘सांगा, मीठ बसलंय का?’ असा हा उद्योग आहे.

पाहुणे खरं सांगत नाहीत, ही त्यातली अडचण. आमचा प्रेक्षक तोंडावर ‘मस्त झालं’ म्हणतो आणि जिना उतरताना शेजाऱ्याला जे म्हणतो ते इथे छापता येणार नाही. म्हणून त्याच्या तोंडाला काही विचारायचं नाही, त्याच्या अंगाला विचारायचं, असं आमच्या संस्थेत ठरलं. आणि ते काम माझ्याकडे आलं. दिवसा मी बायपासजवळच्या एका गोदामात डिस्पॅचला आहे. कुठलं खोकं हललं, कुठलं फुटलं, कुठलं जागेवर नाही, हे बघण्यात माझा जन्म गेला. संध्याकाळी खोक्यांच्या जागी माणसं बसवली, एवढाच फरक.

काम कसं चालतं ते सांगते. मंचाच्या खाली, अगदी मधोमध एक स्टूल असतं. त्यावर मी नाटकाकडे पाठ करून बसते. मांडीवर संहिता, हातात दोन रंगांची पेन्सिल. नाटक मी कानांनी ऐकते आणि डोळ्यांनी प्रेक्षक वाचते. कुणी खोकलं की त्या ओळीसमोर टिंब. वळवळलं की नागमोडी रेघ. मोबाइल निघाला की चौकोन. मान वळली की बाण. सगळं सभागृह गप्प होऊन पुढे झुकलं किंवा खळखळून हसलं तर निळा गोल; हा गोल मिळावा म्हणून लेखक माझ्याकडे देवाकडे बघावं तसे बघतात. आणि एकाच जागी बाण, रेघा, टिंबं सगळीच जमली, तर पानभर लाल फुली. लाल फुली म्हणजे गाणं सुटलं, लोक सुटले.

या शास्त्रात खोल पाण्यात शिरलं की मजा आहे. खऱ्या सर्दीचा खोकला छातीतून येतो, कंटाळ्याचा घशातून. एकजण खोकला तर त्याला सर्दी आहे. एकाच ओळीवर चौघे खोकले तर ओळीला सर्दी आहे. प्रेक्षकांनाही आता माझी सवय झालीय. शेजारच्या गल्लीतल्या लूमवरचे मुकादम सलीमभाई शिफ्ट संपवून दर वर्षी न चुकता येतात. मराठी त्यांना निम्मं कळतं, गाणी मात्र सगळी पाठ होतात. आत शिरतानाच मला कानात सांगतात, “मॅडम, आज गला बहुत खराब है. बाहर खाँसके आया हूँ. फिर भी एकाध निकल गया तो लिखना मत, बेचारे रायटर का क्या कसूर!”

पाच नाटकं येतात. प्रत्येकाची दोन वाचनं. पहिलं वाचन मोकळं असतं, कितीही लांबू द्या. त्यानंतर आमची बैठक, माझी वही, आणि कापाकापी. दोन दिवसांनी दुसरं वाचन परीक्षकांसमोर. ते पहिल्या वाचनाला फिरकतही नाहीत. आणि दुसऱ्या वाचनाला साठ मिनिटं. एकसष्टावं मिनिट नाही. साठ झाली की मी घंटा वाजवते, नटांनी असतील तिथे कागद मिटायचे. शेवटापर्यंत पोचलात तर स्पर्धेत, नाही तर नमस्कार. पाचांतून एकच निवडलं जातं. त्या एकाला संस्था उभं करते: वाद्यवृंद, नेपथ्य, जिल्हाभर प्रयोग. उरलेले चौघं आपापल्या पिशवीत नाटक घालून घरी जातात.

घंटेचा नियम आमच्या परीक्षक मंडळाच्या अध्यक्षांचा. आम्ही त्यांना नुसतं ‘सर’ म्हणतो. सर ठाण्याहून येतात. मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर स्वतःसमोर ठेवतात आणि त्याच्याकडे अधूनमधून असं बघतात, की घड्याळसुद्धा सावरून बसत असावं. “ज्याला तासाभरात सांगता येत नाही, त्याला अडीच तासांतही सांगता येणार नाही,” हे त्यांचं वाक्य. एका वर्षी सख्ख्या जावयाचं नाटक होतं. शेवटची भैरवी सुरू झाली आणि साठ मिनिटं भरली. मी सरांकडे पाहिलं. सरांनी नुसती भुवई उचलली. मी घंटा वाजवली. त्या दिवाळीला जावई आला नाही. सर म्हणाले, “फराळ उरला.” बस्स.

आता रेश्माकडे येते. तिच्याचसाठी हे सगळं लिहायला बसलेय.

रेश्मा दिघाशीची. अंबाडी नाक्यावर तिचं झेरॉक्सचं दुकान आहे. सातबारे, दाखले, आधार कार्डं यांच्या प्रती काढता काढता तिने मागच्या बाजूच्या कोऱ्या पानांवर एक संगीत नाटक लिहिलं आणि चालीही स्वतःच बांधल्या. गोष्ट साधी. आमच्या खाडीकाठच्या आणि आतल्या गावांतून लग्नात हळदीपासून सगळं गाऊन पार पाडणारी बाई असते, तिला धवलारीण म्हणतात आणि तिच्या गाण्याला धवला. तर या नाटकातल्या धवलारणीने आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरींची लग्नं लावलेली असतात. तिची स्वतःची पोरगी ठाण्याला जाऊन रजिस्टर लग्न करून येते. हळद नाही, मांडव नाही, माणसं नाहीत. भावानेही रागाने संबंध तोडलेला. शेवटच्या प्रवेशात ही बाई रिकाम्या अंगणात एकटी पोरीचा धवला म्हणते. एकेका नात्याला हाक मारते, ये गो आत्ये, ये गो मावशे, हळद लाव. कुणी येत नाही. अगदी शेवटी मामाला, म्हणजे स्वतःच्याच भावाला तीन हाका मारते.

हा धवला म्हणायला रेश्माने तिच्या चुलतसासूला आणलं होतं. जनाकाकी. साठी ओलांडलेली, अंगाने काटक, आवाज असा की माइक समोर ठेवला तर तोच संकोचेल. काकी खरीखुरी धवलारीण. गावात तिच्याशिवाय हळद लागत नाही. हातात कागद धरायला तिने साफ नकार दिला होता. “मला वाचाया येत न्हाय आन आठवाया लागत न्हाय,” म्हणाली.

पहिलं वाचन गुरुवारी संध्याकाळी झालं. दिघाशीहून बायकांचा एक टेम्पो भरून आला होता. नाटक छान चाललं होतं. रजिस्टर ऑफिसातल्या विनोदी गाण्याला सलीमभाई इतके हसले, की मी त्यांच्या नावाने खास निळा गोल काढला. आणि मग शेवटचा धवला आला.

मी प्रेक्षकांकडे बघत होते आणि माझी पेन्सिल थांबेना. काकीची पहिली हाक गेली आणि टेम्पोतल्या बायकांच्या माना मागे वळल्या. सगळ्या! एकमेकींशी कुजबुज. दुसऱ्या हाकेला एक बाई अर्धवट उठली आणि बसली. मग दुसरी उठली. एकजण तर थेट दरवाज्यापर्यंत जाऊन परत आली. बाण, रेघा, टिंबं. माझ्या चौदा वर्षांच्या वह्यांमध्ये एवढं भरलेलं पान नव्हतं. मी त्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लाल फुली मारली. खरं सांगते, फुली मारताना मला वाईट वाटलं नाही. डॉक्टरला आजार सापडल्यावर वाटतं ना, तसं काहीतरी वाटलं.

वाचन सत्त्याहत्तर मिनिटं चाललं होतं. सतरा मिनिटं उतरवायची होती. बैठकीत आमचा मार्गदर्शक मिलिंद, रेश्मा आणि मी. मिलिंद कल्याणचा, दिग्दर्शक चांगला, पण माझ्या वहीवर त्याची अंधश्रद्धा आहे.

“ताई, कुठं सुटलं?” त्याने विचारलं.

मी पान उघडून त्याच्यासमोर धरलं. नाट्य कसं करावं हे मलाही कळतं.

“बापरे,” मिलिंद म्हणाला. “धवला?”

“पूर्ण. पहिल्या हाकेपासून.”

रेश्माचं तोंड उतरलं. “मॅडम, त्याच्यासाठीच तर नाटक लिहिलंय.”

“अगं, सगळेच असं म्हणतात,” मी म्हटलं. अनुभवी माणसाचा आवाज असतो ना, तो काढून म्हटलं. “लेखकाला जे सगळ्यात प्रिय, तेच बहुतेक वेळा सगळ्यात जड असतं. बारा मिनिटं आहेत ती. धवला गेला की बाकीची पाच इकडूनतिकडून निघतील. शेवटी तुझी बाई नुसती रिकाम्या अंगणात उभी राहू दे. गाणं नकोच.”

रेश्माने त्या फुलीकडे पाहिलं. तिने नाटक यापूर्वी कुणालाच दाखवलेलं नव्हतं. दुकानात येणाऱ्या नवऱ्यालाही नाही. दोन वर्षं लपवलेली गोष्ट पहिल्यांदा लोकांसमोर ठेवली आणि लोकांनी माना वळवल्या, असं तिला वाटलं असणार. शेवटी म्हणाली, “ठीक आहे. तुम्हाला जास्त कळतं.”

हे वाक्य अजून माझ्या कानात आहे.

बदललेली पानं नटांना वेगळ्या रंगाच्या कागदावर द्यायची, अशी आमची पद्धत आहे, म्हणजे जुनं-नवं मिसळत नाही. रेश्माचंच झेरॉक्सचं दुकान, तेव्हा शुक्रवारी दुपारी मी हिरवी पानं आणायला अंबाडीला गेले. मशीन गरगरत होतं, रेश्मा आत कागद भरत होती. काउंटरवर एक बाई दाखल्याची प्रत घ्यायला उभी होती. माझ्याकडे टक लावून बघत राहिली.

“तुमी त्याच ना? नाटकाला पाठ करून बसलेल्या?”

“हो, मीच ती.”

“लय हसलो आमी! बोललो, या बाईचं नाटकवाल्यांशी भांडण हाय वाटतं.” मग तिने आवाज खाली आणला. “बाय, एक इचारू? काल मी उठलेली, तुमी बघितलं कं?”

बघितलं होतं. तिसरी रांग, डावीकडून दुसरी. रेघ आणि बाण.

“काकीनं आत्येला हाक मारली ना. आमच्यात काकीनं हाक मारली तं त्या नात्याच्या बाईनं उठाया लागतं. हळद लावाया पुढं जायचं. आन काल कोणच उठंना! मी मागं वळून बघितलं, आत्या कोन हाय हितं? शेजारची बोलली, तूच जा. मी उठली. मंग आठवलं, अरे, ह्ये तं नाटक हाय. लाजंनं मेली मी.” ती हसली आणि हसता हसताच डोळ्यांना पदर लावला. “आमची सुनी तं दारापर्यंत गेली. बाहेर कोन उभं हाय का बघाया. काकी हाका मारती आन कोण येत न्हाय, बघवत न्हाय ना.”

बाई प्रत घेऊन निघून गेली. मशीनमधून हिरवी पानं एकेक बाहेर पडत होती. धवला नसलेली.

रेश्मा बाहेर आली. “काय म्हणत होत्या वहिनी?”

आणि मी म्हटलं, “काही नाही गं. मला ओळखलं त्यांनी.”

हसू नका. चौदा वर्षांचं काम होतं माझं. त्या खुर्च्यांमधला जगातला कोणताही खोकला मी ओळखते, असं मी दहा जणांना सांगितलेलं. माझी फुली चुकली असं कबूल केलं तर उद्या मिलिंद मला विचारेल, मागच्या किती चुकल्या? हिरव्या पानांचं पुडकं मांडीवर घेऊन मी जीपमध्ये बसले आणि तोच प्रश्न मीच मला विचारत भिवंडीला आले. गणेशपुरीच्या एका प्राथमिक शिक्षकांनी फार वर्षांपूर्वी एक नाटक आणलं होतं. त्यात अंगाई होती. अंगाईला बायका खुर्चीत हलत होत्या, मी ‘वळवळ’ लिहिलं, आम्ही अंगाई काढली. ते गृहस्थ परत कधी आले नाहीत. वळवळत होत्या, की डुलत होत्या? मी जीपमध्ये खिडकीकडे तोंड करून बसले होते; ड्रायव्हरने विचारलंसुद्धा, “ताई, उलटी होते का?”

शनिवार उजाडला. वाचन दुपारी चारला. मी सकाळी सांगीन, जेवल्यावर सांगीन असं करत साडेतीन वाजले. तेवढ्यात मिलिंद घामाघूम होऊन माझ्याकडे आला.

“ताई, लफडं झालंय. रेश्माने काकींना धवला कापल्याचं सांगितलंच नाही. तिला धीर झाला नाही. काकी आत तयार होऊन बसल्यात.”

“मग सांग तू.”

“मी? नोंद तुमची, तुम्ही सांगा. तुमचं ऐकतील.”

आत गेले. जनाकाकी खुर्चीवर मांडी घालून बसली होती. नऊवारी, मनगटभर हिरवा चुडा, समोर स्टीलच्या वाटीत खरीखुरी भिजवलेली हळद. नाटकाच्या वाचनाला हळद कालवून आणलेली माझ्या माहितीतली ती पहिली आणि शेवटची कलाकार. कोपऱ्यात रेश्मा नखं खात उभी.

“काकी,” मी सुरुवात केली, “धवला आज नाही म्हणायचा. कापलाय.”

“कापला?” काकी शांतपणे म्हणाली. “धवला काय भेंडी हाय, देठ काढाया? कोनी कापला?”

रेश्माने माझ्याकडे पाहिलंही नाही. तिने डोळे मिटून घेतले होते. आणि माझ्या तोंडून भडाभडा सगळं बाहेर आलं. फुली, बाण, अंबाडीची वहिनी, ती का उठली ते, आणि मला काल दुपारपासून ठाऊक होतं तेही. 

रेश्मा पुढे आली. मला वाटलं, आता ओरडेल. ती म्हणाली, “काल दुपारपासून?”

“हो.”

“दुकानात मी विचारलं तेव्हा?”

“हो.”

काकीने वाटीतली हळद बोटाने ढवळली. “मंग आता ती लाल फुली सोताच्या नावावर मार,” माझ्याकडे न बघता म्हणाली. “आन तू, रेश्मा, रडू नको. काय करायचं ते बोल.”

पंचवीस मिनिटं उरली होती. धवला परत घातला तर बहात्तर मिनिटं होत होती. बारा मिनिटं काढायला रेश्मा जमिनीवर बसली आणि हिरवी पानं तिने भोवती मांडली. मिलिंद केस ओढत होता. माझ्याकडे विचारायला कुणी आलं नाही, आणि ते बरोबरच होतं. रेश्माने रजिस्टर ऑफिसचं गाणं उचललं. आठ मिनिटं. सगळ्यात जास्त निळे गोल त्याच पानांवर होते.

“ते नको गं,” माझ्याच्याने राहवलं नाही. “लोक हसतात त्याला.”

“हसू दे दुसरीकडे,” ती म्हणाली आणि पानं दुमडून पर्समध्ये टाकली.

चौसष्ट उरली. चार मिनिटं जास्त. आणखी काही निघेना. जे काढावं त्याने गोष्ट लंगडी होत होती. मिलिंद काकीपुढे गुडघ्यावर बसला. “काकी, धवला जरा भराभर म्हणता येईल? थोडी लय वाढवून?”

“ती एसटी हाय कं, फास्ट न्यायाला?”

“मग शेवटच्या दोन हाका गाळू. मामाची एकच हाक ठेवू.”

“मामाला एका हाकंत येताना कधी बघितला?” काकी उठून उभी राहिली. “धवला सुरू केला का मधी तोडायचा न्हाय. माझ्या सासूनं मला असंच शिकवलंय. तुमची घंटी तुमी वाजवा. माझा धवला मी म्हनते.”

घंटा माझ्याच हातात असणार होती. रेश्माने पहिल्यांदा माझ्या डोळ्याला डोळा भिडवला. काहीतरी मागेल असं मला वाटलं. माझ्यासमोरचं घड्याळ मीच लावते. दोन-तीन मिनिटं इकडेतिकडे करणं काही अवघड नसतं. ती एवढंच म्हणाली, “ताई, तुम्ही साठला वाजवा. आता काही लपवालपवी नको.”

मॅडमची मी ताई झाले होते. ते माफी म्हणून की शिक्षा म्हणून, मला कळलं नाही.

चारला सुरू झालं. सभागृह भरलेलं. दिघाशीचा टेम्पो परत आला होता. दुसऱ्या रांगेत मधोमध सर, समोर टेबल, टेबलावर काढून ठेवलेलं घड्याळ. मी माझ्या स्टुलावर, मांडीवर संहिता, संहितेवर घंटा. घंटेचा लोलक वाजू नये म्हणून मी तो बोटांत घट्ट धरला होता आणि बोटं ओली झाली होती. गाणं काढल्यामुळे नट दोनदा चुकले, एकदा पेटीवाल्याने नसलेल्या गाण्याचा सूर दिला. सरांनी घड्याळाकडे पाहिलं. विसाव्या मिनिटाला पाहिलं, पस्तिसाव्याला पाहिलं. पन्नासाव्या मिनिटाला त्यांनी शेजारच्या परीक्षकांना काहीतरी सांगितलं आणि पेनाचं टोपण लावलं. लोकांचं आवरतं घेणं मला चांगलं ओळखू येतं.

बावन्नाव्या मिनिटाला काकी मंचावर आली. माझ्या पाठीमागे तिच्या चुड्याचा आवाज झाला. धवला सुरू झाला.

पेन्सिल मी खाली ठेवली. उगाच हात गेला तर फुली निघेल, अशी भीती वाटली. आत्येला हाक गेली. टेम्पोतल्या माना वळल्या. मावशीला हाक गेली आणि अंबाडीची वहिनी उठून उभी राहिली. या वेळी खाली बसली नाही. तिच्यामागे आणखी दोघी उभ्या राहिल्या. सलीमभाई गोंधळून इकडेतिकडे बघत होते, मग तेही उभे राहिले. कोण कोणाचा कोण, त्यांनाही माहीत नसावं. मंचावर मात्र कोणीही येत नव्हतं. काकीचा आवाज तेवढा एकेका नात्यापाशी थांबायचा, वाट बघायचा आणि पुढच्या नात्याकडे जायचा.

अठ्ठावन्न. मामाची पहिली हाक. आमच्याकडे मामाशिवाय नवरी मांडवात येत नाही. हे सभागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. नाटकातला मामा तिसऱ्या हाकेनंतर मागच्या दरवाज्याने येणार होता, हे मात्र आम्हाला आणि गुरुवारचं वाचन पाहिलेल्यांनाच ठाऊक होतं; परीक्षकांना नव्हतं.

एकोणसाठ मिनिटं, तीस सेकंद. दुसरी हाक. काकीने ती लांबवली नाही, उलट हळू केली, जणू कुणी झोपलंय त्याला उठवतेय. सभागृहात एकही खोकला नव्हता. माझ्या बोटांमधून लोलक घसरू लागला. पंचेचाळीस सेकंद. रेश्मा विंगेत उभी होती. ती मला दिसत नव्हती, पण तिचा श्वास ऐकू येत होता असं मला अजूनही वाटतं. पन्नास. पंचावन्न. मला वाटलं, हात वर उचललाच जाणार नाही. मग वाटलं, काल दुपारी तोंड उघडलं नाहीस, आज हात तरी उचल.

साठ. मी घंटा वाजवली.

पेटी थांबली. तबला मधेच तुटला. उभ्या असलेल्या बायकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की लग्नात कुणी नवरीला शिवी दिली असावी. माझ्या पाठीमागे काकीने तिसऱ्या हाकेसाठी घेतलेला श्वास तसाच राहिला.

यंदा कुठलं नाटक निवडलं हे दुसऱ्या दिवशी जाहीर झालं, पण मला ते तिथेच कळलं. कारण मी सवयीने सरांकडे, त्यांच्या भुवईकडे पाहिलं. घड्याळ टेबलावर उलटं पडलं होतं. सर स्वतः खुर्चीतून अर्धे उठले होते, मान पूर्ण मागे वळवून दरवाज्याकडे बघत होते. घंटेच्या आवाजाने ते गर्रकन फिरले आणि भर सभागृहात माझ्यावर कडाडले,

“अहो, बंद काय करताय! मामा यायचाय अजून!”